चीनमधील जखमी आणि सोलापूरचा डॉक्टर

(बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यात शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका शाळामास्तरांनी दिलेले व्याख्यान)



लढाईने होरपळलेल्या परक्या देशात जाऊन तेथील जखमी व भुकेल्या माणसांची सेवा करणे, हा आजचा विषय आहे. विषय लांबचा वाटतो खरा. पण ह्या कामात आपल्याच महाराष्ट्राचा एक माणूस खपला आहे, आणि त्याची हकीकत नीट समजून घेतली तर आपण काय करावे हेही आपोआप समजते. म्हणून मी तीच सांगणार आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपट काढला, तो जुन्या मंडळींनी पाहिलाही असेल. पण बोलपटात गाणी असतात, आणि कामाचा तपशील थोडा असतो. आपल्याला तपशील पाहिजे.

१९३७ सालच्या जुलै महिन्यात जपानने चीनवर मोठी चढाई केली. शांघाय पडले, डिसेंबरात नानकिंग पडले, आणि तेथे निःशस्त्र लोकांची जी कत्तल झाली ती ऐकून सारे जग हादरले. चीनकडे माणसे होती, डॉक्टर नव्हते. जखमी शिपाई रस्त्याच्या कडेला सडून मरत. तेव्हा तेथील आठव्या पलटणीचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला हाक घातली, वर्गणी जमविली आणि बावीस हजार रुपयांचा निधी उभा केला. लक्षात घ्या, हा देश तेव्हा स्वतः इंग्रजांच्या दावणीला बांधलेला होता. ज्याच्या स्वतःच्या गळ्यात फास, त्याने दुसऱ्याच्या गळ्यातील फास सोडविण्यास हात पुढे केला.

पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पुढारी. ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी. सोलापूरचे डॉ. कोटणीस, वय अठ्ठावीसच्या आत, मुंबईच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. आणि पाचवे नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सर्वांत वडील. आपले वऱ्हाड तेव्हा ज्या मध्यप्रांताला जोडलेले होते, त्याच्याच राजधानीचे हे गृहस्थ. पाचांपैकी दोघे मराठी बोलणारे होते, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता येथे कोणी म्हणेल, मास्तर, ही सगळी पांढरपेशा मंडळी. आपल्या पत्रात आणि आपल्या सभेत त्यांचे पोवाडे कशाला? त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. सत्यशोधकांचे भांडण भटशाहीशी आहे, जन्माशी नाही. जोतीरावांच्या शाळांना गोवंडे, वाळवेकर यांच्यासारख्या ब्राह्मण मित्रांनी हातभार लावला, आणि जोतीरावांनी तो घेतला. ज्या धर्माने समुद्र ओलांडण्यास बंदी केली, रक्ताचा आणि प्रेताचा विटाळ मानला, त्या धर्माच्या वरच्या पायरीवर जन्मलेला तरुण परमुलखात जाऊन कोणा शेतकऱ्याच्या पोराचा सडलेला पाय मांडीवर घेतो, तर त्याने जोतीरावांचेच काम केले असे मी समजतो. दुसरा एक प्रश्न मात्र ह्यातून उरतो. तो मी पुढे घेणार आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ही तुकडी राजपुताना नावाच्या बोटीने मुंबईहून निघाली. बरोबर औषधे होती, रुग्णवाहिका होती. महिनाअखेर ते हँकौ शहरी पोहोचले. पण महिन्याभरात ते शहरही पडले आणि जखमींबरोबर मागे मागे हटत ते चुंगकिंगला गेले. तेथेच १९३९ च्या आरंभी कोटणीसांना घरून बातमी आली की वडील वारले. सोबत्यांनी सांगितले, तू परत जा. त्यांनी विचार केला आणि पत्करलेले काम पुरे केल्याशिवाय परतायचे नाही असे ठरविले. ज्याच्या घरी कर्ता माणूस गेला आहे, त्यालाच ह्या निश्चयाचे वजन कळेल. मला हे करता आले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही.

फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. हा मुलूख पिवळ्या मातीच्या डोंगरांचा. लोक डोंगराच्या उभ्या कड्यात गुहा खोदून राहात, आणि दवाखानाही गुहांतच. विमानातून बाँब पडत, म्हणून ते बरेही होते. खाण्याला राळे. आपल्याकडे पूर्वी राळ्याचे पीक घेत. राळ्याचा भात म्हाताऱ्या बायांना आठवत असेल. तेच तिकडचे मुख्य अन्न. मुंबईत शिकलेल्या डॉक्टराला ते जड गेले असेल. पण जे शिपायाला मिळे तेच डॉक्टराला.

आता खरा तपशील सांगतो, तो कारागीर मंडळींनी कान देऊन ऐकावा.

कोटणीसांच्या आधी त्या मुलखात एक कॅनडाचा डॉक्टर काम करीत होता, त्याचे नाव नॉर्मन बेथ्यून. त्याने एक गोष्ट ओळखली. जखम झाल्यापासून जितका वेळ जाईल, तितके तिच्यात विष भरते. त्या काळी तिकडे पेनिसिलीन नव्हते. जखम एकदा कुजली की पाय कापायचा, नाहीतर माणूस जायचा. मग जखमीने चार दिवसांची वाट तुडवून डॉक्टराकडे यावे, की डॉक्टराने लढाईच्या तोंडाशी जावे? बेथ्यूनने शस्त्रक्रियेचे टेबलच लढाईजवळ नेले. पण न्यायचे कशावर? मोटारीला रस्ता नाही. तेथील शेतकरी गाढवाच्या पाठीवर दोन बाजूंना टोपल्या टाकून शेतात खत नेत. ते पाहून त्याने तशाच घडणीच्या पेट्या करविल्या. हत्यारे, पट्ट्या, औषधे, सगळे त्यांत बसे; खेचरावर घालावे, डोंगर चढावा, उतरून वर फळी टाकली की टेबल तयार. खत वाहण्याच्या टोपलीतून दवाखाना निघाला!

मोडलेले हाड बांधण्याच्या पट्ट्या बाहेरून येत नसत, कारण सगळ्या वाटा शत्रूने रोखलेल्या. मग गावच्या सुताराला बोलाविले, लोहाराला बोलाविले, नमुना दाखविला, आणि त्यांनी त्या घडविल्या. जखमीची झोळी कोणी वाहिली? गावकऱ्यांनी. इस्पितळ कोठे होते? शेतकऱ्याच्या ओसरीत आणि देवळात. मूर्तीपुढे टेबल मांडून माणसाचा पाय वाचविला जात असे. देवळाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. रक्त देण्याला लोक प्रथम भ्याले. रक्त दिले की माणूस खंगतो, ही समजूत तेथेही होती. बेथ्यूनने आधी स्वतःचे दिले. मग शेतकरी पुढे आले, आणि रक्त देणाऱ्यांचे पथकच गावात उभे राहिले. जखमी जपानी कैद्यांवरही त्याने शस्त्रक्रिया केल्या. शस्त्र खाली पडले की जखमी तो फक्त जखमी, शत्रू नव्हे, हा नियम युरोपातील राष्ट्रांनी १८६४ साली जिनेव्हाला कागदावर लिहिला. ह्या देवळांत तो पाळला जात होता. १९३९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करताना हातमोज्याविना बोट कापले, त्या जखमेत विष शिरले आणि बेथ्यून गेला.

त्याच सुमारास कोटणीस त्या डोंगरांत शिरले. डॉ. चोळकर व डॉ. मुकर्जी १९३९ साली परतले होते, डॉ. अटल १९४० साली परतले. मागे राहिले बसू आणि कोटणीस. परतणाऱ्यांना मी कमी लेखीत नाही; एकाचे वय झाले होते, एक आजारी पडला होता. १९४० सालच्या मोठ्या चढाईत कोटणीसांनी एकदा सलग बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यूनच्या नावाने चालविलेल्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. पण मला त्यांच्या बहात्तर तासांपेक्षा दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. ते चिनी भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नव्हे. त्या भाषेत त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना वैद्यक शिकविले, धड्यांची पुस्तके तयार केली. एक डॉक्टर किती जखमी वाचवील? त्याने शिकविलेले विद्यार्थी तो गेल्यावरही वाचवीत राहतात.

तेथेच शुश्रूषेचे शिक्षण देणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. त्याच साली ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. काही लोक ही गोष्ट लपवितात. मी लपवीत नाही. ज्यांच्या पंगतीला बसले त्यांचे मत त्यांना पटले, इतकेच. त्यांना फेफरे येऊ लागले होते. विश्रांती घ्या असे सगळे म्हणत, पण काम सुटेना. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. वय अवघे बत्तीस, मूल साडेतीन महिन्यांचे.

आता ह्यातून मी काय घेतो, ते सांगतो.

आपल्या देशात दानाला तोटा नाही. अन्नछत्रे आहेत, सप्ते आहेत, देवळांना सोन्याचे कळस आहेत. पण हे दान देणारा कोणासाठी देतो? स्वतःच्या पुण्यासाठी. घेणाऱ्याला कशाची गरज आहे हे तो विचारीत नाही. सहाय्य ही गोष्ट निराळी. ती समोरच्याच्या गरजेवरून सुरू होते, आणि समोरच्याला उभे करून संपते. चीनला तुकडी गेली ती तेथील लोकांनी मागितली म्हणून गेली. तेथील लोकांनी नेमलेल्या जागी राहिली, त्यांच्या हुकुमात वागली, त्यांचे अन्न खाल्ले. आणि मुख्य म्हणजे तेथे गावे आधीच संघटित होती. ज्या गावात झोळी वाहणारा, रक्त देणारा, ओसरी मोकळी करून देणारा कोणी नाही, तेथे बाहेरचा डॉक्टर आला तरी काय करणार? त्याच १९३८ साली चीनमध्ये दुसरेही एक काम सुरू झाले. किनाऱ्यावरचे कारखाने जपान्यांनी बुडविले, तेव्हा आतल्या खेड्यांत कारागिरांनी सहकारी कारखाने काढले. न्यूझीलंडचा रेवी अ‍ॅली नावाचा गृहस्थ त्यात पुढे होता. निर्वासित साळी, लोहार, चांभार एकत्र येऊन घोंगड्या, जोडे, हत्यारे करीत. मालक नाही, सावकार नाही, नफा आपसात वाटायचा. भिकेची भाकरी घेण्यापेक्षा माग मागितला, असे ते सहाय्य होते.

हे आपल्याला नवे नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीरावांनी व सत्यशोधक समाजाने धनकवडीला छावणी उघडली, लोकांत पत्रक काढून वर्गणी मागितली आणि भुकेल्या मुलांना भाकरी घातली. वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला, तेव्हा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणून पोहोचवीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कोटणीस त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी गेले. वाट मात्र आधीच मळलेली होती, आणि ती मळविली एका माळ्याच्या सुनेने.

आता राहिलेला प्रश्न. चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत कुणब्याचा, माळ्याचा, तेल्याचा, लोहाराचा, महारा-मांगाचा एकही मुलगा नव्हता. का नव्हता? आपल्यात दया नव्हती काय? दया घरोघर होती. हातात विद्या नव्हती. ज्याला नाडी कळत नाही, त्याने जखमीजवळ बसून रडावे, याहून दुसरे काय करावे? सावित्रीबाईंनी रोगी उचलून आणला, पण त्याला तपासणारा डॉक्टर घरात होता. विधवेच्या पोटी आलेला तो मुलगा दत्तक घेऊन फुले दांपत्याने त्याला वैद्यक शिकविले होते. म्हणून मी मुलींच्या आईबापांना विनवितो: दहावी झाली की लग्नाची घाई करू नका. शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली मुलगी बुलढाण्यातही उपयोगी आणि सुदानातही उपयोगी.

सुदानचे नाव मी मुद्दाम घेतले. २०२३ च्या एप्रिलात तेथे दोन सेनापतींचे भांडण पेटले आणि लाखो लोक घरदार सोडून निघाले. बाहेरच्या मोठ्या संस्थांना कित्येक ठिकाणी पाऊल टाकता येईना. तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुणांनी समित्या केल्या, सार्वजनिक चुली पेटविल्या आणि ज्याला जे मिळेल ते शिजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊ घातले. परदेशी गेलेल्या त्यांच्या भाऊबंदांनी पैसे धाडले. ही धनकवडीचीच चूल नव्हे काय?

आपल्या गावच्या जयंतीच्या वर्गणीत यंदा काही शिल्लक उरली आहे. ती अशा कामाला धाडावी असे तरुण मंडळाचे म्हणणे, आणि वडीलधाऱ्यांचा त्याला विरोध. घरचे झाले थोडे, आणि व्याह्याने धाडले घोडे, असे एक आबा मला म्हणाले. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. कर्जाने आणि नापिकीने शेतकऱ्यांनी जीव दिले म्हणून २००६ साली सरकारने विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांकरिता खास मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. ज्या घरात दोरी आणि बाटली यांची धास्ती आहे, त्या घराने परक्याला काय द्यावे?

तरी आबांना मी दोन गोष्टी विचारतो. १९४३ साली रशियातून सुटून, इराणातून वणवण करीत आलेले सुमारे पाच हजार पोलंडचे लोक, बहुतेक बाया आणि मुले, कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला आणून ठेवले. १९४८ पर्यंत ते तेथे राहिले. तेव्हा करवीरचा शेतकरी श्रीमंत होता काय? दुसरी गोष्ट आपल्या उंबऱ्यावरची. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. ओळख पटेना म्हणून बहुतेकांचे अंत्यसंस्कार बुलढाण्यातच एकत्र करावे लागले. ती माणसे आपली कोण होती? बुलढाण्याने तेव्हा हा हिशेब मांडला नाही.

माझे मत असे आहे की शिल्लक दोन ठिकाणी जावी. थोडी रक्कम लढाईतील जखमी-भुकेल्यांसाठी जावी. ती रेडक्रॉसच्या जिल्हा शाखेमार्फत किंवा तशाच नोंदलेल्या संस्थेमार्फत जावी. तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. पावती घ्यावी, पावती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. जो पावती देत नाही त्याला पै देऊ नये, मग तो गळ्यात माळ घालून येवो की मोबाइलवर रडक्या मुलाचे चित्र दाखवून येवो. लढाया पेटल्या की तिकडचे नाव सांगून इकडे पोट भरणारेही निघतात. आणि जखमी कोणत्या बाजूचा, कोणत्या धर्माचा, असे विचारून मदत करणाऱ्या मंडळीपासूनही दूर राहावे.

उरलेली रक्कम गावातच खर्च व्हावी. फवारणीचे विष अंगात गेले, साप चावला, मळणीयंत्रात हात गेला, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा तास कसा काढावा हे आपल्यात किती जणांना येते? कडूलिंबाचा पाला खायला घालून आणि मांत्रिकाकडे नेऊन आपण तो तास दवडतो. हा तास म्हणजेच बेथ्यूनचा तास.

एक गोष्ट राहिली. १९६२ साली भारत आणि चीन ह्यांचे युद्ध झाले, सरहद्दीचे भांडण पुढेही मिटले नाही. ती सरकारांची गोष्ट. पण शिच्याच्वांग शहराच्या हुतात्मा स्मशानात सोलापूरच्या मुलाची कबर युद्धानंतरही कोणी उखडली नाही. तेथील लोक त्यावर फुले वाहत आले आहेत. चीनचे पुढारी भारतात आले की कोटणीसांच्या घरच्या माणसांना आवर्जून भेटत. त्यांचा यिनह्वा डॉक्टरकी शिकत असताना १९६७ साली वारला. क्वो चिंगलान २०१२ पर्यंत होत्या.

प्रथमोपचाराचा वर्ग येत्या रविवारपासून सकाळी आठ वाजता शाळेत भरेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकाबाईंनी येण्याचे कबूल केले आहे. बायांनी मागे राहू नये. अपघाताच्या वेळी घरात बहुधा त्याच असतात. पहिल्या दिवशी झोळी बांधावयास शिकविणार आहेत. प्रत्येक घराने पुरुषभर उंचीचे दोन बांबू आणि एक जुनी घोंगडी बरोबर आणावी. बांबूची टोके सुतारआळीतील मंडळी घासून देणार आहेत, त्याचे पैसे पडणार नाहीत.